डावं पायताण

पपांना त्यांची नावं कधी नीट घेता आली नाहीत.
क्रिस्पिन, क्रिस्पिनियन.
जीभ दोन्हीकडं अडखळायची,
म्हणून एक थोरला, एक धाकटा.

चित्र कुठल्यातरी कॅलेंडरातलं,
मिरजेच्या एका नर्सबाईनं
चपलेच्या पैशांबरोबर दिलेलं.
दोघं भाऊ एका बाकावर,
मांडीवर कातडं, हातात आरी,
डोक्यामागं पितळी ताटं.
"चितारणाऱ्याला शिलाई ठाऊक न्हाई,"
पपा दरवर्षी म्हणायचे,
"असा टाका घातला तर वादी आठ दिवसांत सुटंल."
आणि तेच चित्र पुसून
पुन्हा त्याच खिळ्याला.

पास्टर अमोलिक एकदा ऐरणीपाशी टेकून म्हणाले,
"नफ्ताली, आपल्यात संतांची पूजा नसते."
रापीला धार लावणं थांबलं नाही.
"पूजा कुठं, सायेब. भावकी हाय."

गोष्ट ते कातडं भिजत असताना सांगायचे,
हिरड्याच्या, बाभळीच्या सालीच्या वासात.
चांगल्या घरचे दोघं, रोम सोडून
परक्या मुलखात आलेले.
दिवसा देवाचं बोलायचे, रात्री पायताणं शिवायचे.
ज्याला जमेल त्यानं पैसे द्यावेत,
न जमेल त्यानं नुसता पाय पुढं करावा.
तिथल्या सुभेदाराला ते खपलं नाही.
मग?
मग नखांखाली आऱ्या.
पपा आपला आंगठा दाखवायचे,
नखाखालचा काळा ठिपका, कधीतरी घसरलेली आरी.
"ही एक. त्यांस्नी धा."
लोक सांगतात, आऱ्या उलट्या उडाल्या,
मारणाऱ्यांनाच लागल्या.
पपांना हे पटायचं नाही.
"आरी हाताचं ऐकती. उडत न्हाई."

पाठीच्या कातड्याच्या वाद्या काढल्या,
हे वाक्य ते अर्ध्यावर सोडायचे.
वादी कशी काढतात, ते रोजचंच होतं त्यांना.
मग जातं. गळ्यात बांधून नदीत लोटलं
आणि जातं तरंगलं म्हणे,
पंचगंगेत पोरं पाठीला भोपळा बांधून शिकतात, तसं.
जात्याचं मात्र ते मानायचे. का, कोण जाणे.
शेवटी तलवार.
तलवारीपुढं कुणी तरंगत नाही.

पंचवीस ऑक्टोबर.
बाहेर दिवाळीचं गिऱ्हाईक, कापशीला मागणी,
आणि पपा रात्री एक जोड बिनपैशाची करायचे.
ती जायची घाटावरच्या इलाही मुल्लाला,
ज्याला उजवा पाय होता. फक्त उजवा.
हिशेब मी ठेवायची. म्हटलं,
"एकच करा की. अर्धं कातडं वाचेल."
"जोड हाय ती," पपा म्हणाले,
"एकट्याला काय पायताण म्हणत्यात?"
इलाही उजवं तिथंच घालायचा,
डावं कागदात गुंडाळून काखेत.

आशेरकाका इचलकरंजीला गेला
त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती.
दुकानात बैठका दोन. एकीवर
आम्ही जेवणाचा डबा ठेवायचो.
भांडण एका शिलाईमशीनचं, असं आई म्हणायची.
पपा काहीच म्हणायचे नाहीत.

नाल्याचं पाणी दुकानात कमरेएवढं चढलं, त्या साली
चित्र भिंतीवरच भिजलं.
वाळलं तेव्हा चेहरे गेले होते, ताटंही.
चार पाय राहिले, चुकीच्या टाक्यांसकट.
पपांनी ते काढलं नाही.

आणि त्याच थंडीत इलाही गेला.
त्याच्या बायकोनं नऊ डावी पायताणं आणून दिली,
सुतळीत ओवलेली, कोरी,
वाकवली की अजून करकरणारी.
"आमच्या घरात हे कुणाला होणार?" ती म्हणाली.
डबा उचलून पपांनी ती
रिकाम्या बैठकीवर ओळीनं मांडली.
मी एक हातात घेतलं.
इलाहीच्या मापाहून ते चांगलं बोटभर मोठं होतं.
दुसरंही. नऊच्या नऊ.
कुणाचं माप, मी विचारलं नाही.
पपांनी त्यातलं एक ओढून घेतलं,
टाचेचे दोन टाके रापीनं उसवले,
"हे घाईत झालं हुतं," म्हणाले,
आणि आरी शोधायला लागले.