पोखरलेला कोळसा

विटांच्या भट्टीवर एकोणीस वर्षं मी आगीला हवा दिली.
भाताचा तूस फावड्यानं लोटायचा,
ज्वाळेच्या रंगावरून वीट कळायची.
आता कान्थोच्या या प्रयोगशाळेत काम उलटं:
आगीला हवा लागू द्यायची नाही.

कोळंबीची टरफलं येतात कामाऊहून, गोणीगोणीनं.
आम्लात चुना फसफसून सुटतो,
क्षारात मांसाचा उरलासुरला अंश.
मागे राहतं पांढुरकं, चिवट, बेचव काहीतरी.
खुए मॅडम त्याला कायटोसान म्हणतात,
मी म्हणतो साल.
व्हिनेगरात ती विरघळते. त्यात लोखंडाचा क्षार,
मग सुईतून एकेक
पडेपर्यंत थेंब, पडल्यावर मणी.

मणी गोठवून सुकवायचे.
बर्फ न वितळताच निघून जातो,
जाताना आपली जागा रिकामी ठेवतो.

पहिल्या खेपेला नळीची चकती सैल राहिली.
आठशे अंशांवर हवा चोरपावलांनी शिरली.
सकाळी चिनी मातीच्या होडीत
चिमूटभर तांबूस राख.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
शिव्या परवडल्या असत्या.

कोळसा उगाळावा तितका काळा.
आम्ही उगाळला नाही, पोखरला.
एका ग्रॅममधल्या भोकांच्या भिंती पसरल्या
तर तीन टेनिस कोर्टं झाकतील, मॅडम सांगतात.
मी टेनिस पाहिलेलं नाही,
विटा वाळत घालायचं अंगण धरतो.

ताम मावशी लव्हाळ्याच्या चटया रंगवते.
ताम म्हणजे आठ. ही सातवी लेक,
पण आमच्या दक्षिणेत थोरल्यालाच दोन म्हणतात,
एकाची जागा मोकळी सोडतात.
तिच्या दारचा कालवा सोमवारी जांभळा, गुरुवारी लाल.
गुरुवारचं पाणी बादलीत आणलं,
मणी सोडले, पेरॉक्साइड घातलं.
लाल, मग शेंदरी, मग कोऱ्या चहासारखं,
चाळिसाव्या मिनिटाला काहीच नाही.

मावशी वाकली, वास घेतला.
"रंग गेला. विष गेलं का?"

आकडे आठवड्यानं येतील, मॅडम म्हणाल्या.
मावशीला आठवडा माहीत नव्हता.
पेरॉक्साइड संपल्याची पट्टी दाखवेपर्यंत थांबली,
मग टोपलीतल्या तीन जिवंत कोळंब्या
सरळ पाण्यात सोडून घरी गेली.

रात्रपाळीला मी, त्या तिघी,
आणि नळीतून नायट्रोजनचा बारीक सुसकारा.

पहाटे दोघी हलत होत्या.
तिसरी कुशीवर, पाय पोटाशी.
चिमट्यानं उचलली तर वजनच नाही.
डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टोप्या,
आत कुणी नाही.

मण्यांच्या जाळीमागे मऊ, ओली,
मिशा हलवत ती लपून बसली होती.
कात टाकून.

वहीत लिहिलं: पाच दहा. तिन्ही जिवंत.
ती साल गोणीत टाकायला हवी होती.
खिशात आहे.