डावा मॅग्नेटो

ओझरच्या अलीकडे, हायवे सोडून आत,
हंगाम संपल्यावर रिकामी पडलेली द्राक्षांची पॅकिंग शेड.
क्रेट भिंतीला रचलेले, आणि मधोमध
दोन माणसांचं विमान,
अजून रंग न दिलेलं.

माझं दुकान द्वारकेला, पुलाखाली. रिक्षा, टेम्पो, कधी बँडवाल्यांची गाडी.
खैरनार काकांनी फोनवर एवढंच विचारलं,
लपणारा फॉल्ट शोधता येतो का तुला?
मी म्हटलं, गाडी कुठली?
ते जरा वेळ गप्प.

शेडबाहेर ढकललं त्याला. चाकांना विटा,
शेपटीचा दोर कडुनिंबाला.
पंखा फिरला, पत्रे थरथरले,
सतराशेवर त्यांनी किल्ली डाव्या मॅग्नेटोवर घेतली
आणि इंजिन खोकलं.
मग पाच मिनिटं शहाण्यासारखं चाललं.
मग पुन्हा.

बंद केलं की काही नाही.
मॅग्नेटोपासून वायर सोडवून मीटर लावला: मीटर मुका.
प्लग बदलले, किल्ली बदलली,
एक दिवस नुसते लग दाबून पाहण्यात गेला,
एक दिवस हार्नेसमधून बेदाणे काढण्यात.
उंदरांनी तिथे चातुर्मासाची बेगमी केली होती,
पण वायरला दात लावला नव्हता.
तेवढं तरी त्यांच्या माथी मारता आलं असतं.

माझ्या रिक्षांत अर्थ मिळाला की दिवा लागतो.
इथे उलटं. ही वायर अंगाला टेकली
की ठिणगी मेली.
काका म्हणाले, ध्यानात ठेव,
अर्थ लागला की इंजिन बंद.
मी हसले.
ते हसले नाहीत.
एकतीस वर्षं कारखान्यात तपासनीस,
दुसऱ्यांच्या कामावर शिक्के. हिरवा, नाहीतर लाल.
विनोद त्यांच्या रकान्यात बसत नसावा.

चौथ्या दिवशी मी इंजिनाखाली पाठीवर,
हातात छाटणीतली द्राक्षाची वाळकी काडी.
ते मीटर धरून उभे.
मी एकेक वायर हलवते, कोपरानं पत्रा ठोकते,
इंजिनाची थरथर जमेल तशी स्वतःच करते.
नाही. नाही. डोळ्यात गंज. नाही.
आणि

टीं.

आम्ही दोघं हललो नाही.
काडी तिथेच दाबून धरली मी.
जिथून वायर आगभिंतीच्या पत्र्यातून आत जाते
त्या भोकाच्या धारेवर
बाजरीएवढं उघडं तांबं.
भोकाला रबराची कडी हवी होती.
कडी नव्हती.

काका ड्रॉवरकडे गेले, न शोधताच हात घातला.
काडेपेटी. आत काळी कडी, कोरी करकरीत,
आणि चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात:
"आगभिंत, डावीकडची. उद्या बसवणे."
तारीख नाही.
कितीतरी वेळ ते चिठ्ठी उलटसुलट करत राहिले,
जणू मागच्या बाजूला त्या दिवशी कोण आलं होतं,
लाईट कधी गेली होती, हे लिहिलेलं असेल.

मग रजिस्टर काढलं. दोष. कारण.
'जबाबदार'च्या रकान्यात पूर्ण नाव,
दिगंबर सुकदेव खैरनार.
रविवार कारंजावरून करून आणलेला लाल शिक्का
नावावर दाबला, आणि शाई वाळावी म्हणून
फुंकर घातली.
मी म्हटलं, काका, विमान तुमचंच, रजिस्टर तुमचंच.
म्हणाले, म्हणूनच.

कडी बसवली. संध्याकाळी सतराशेवर
डावा, उजवा, दोन्ही.
खोकला नाही.
कडुनिंबाची पानं सारखी मागे ओढली जात होती
आणि त्यांच्या अंगठ्याला लाल डाग होता,
तो त्यांनी पुसला नव्हता.
परवानगीचा कागद अजून दिल्लीतच आहे.
तोवर ते रंग देतील म्हणाले. कुठला, ठरलं नाही.

मी दोनशे मागितले. पाचशे दिले, वर बेदाण्यांचा पुडा.
घेताना वास घेऊन पाहिला,
हार्नेसमधले नसावेत.

परतताना आडगाव नाक्यावर, पुढच्या रिक्षाचा मागचा दिवा
खड्ड्याखड्ड्याला लागत होता, विझत होता.
जवळ जाऊन ओरडले, दादा, अर्थ सुटलाय तुमचा!
त्यानं मला एक शिवी दिली
आणि गेला.