उघड्या बाजूची सांबारवडी

जिनिंगच्या पावतीमागे वच्छलामावशीनं लिहिलंय:
सांबार चार जुड्या.
सातारची सून नवी असताना
हे वाचून तुरीची डाळ शिजवायला बसली होती.

पुढं मापं नाहीत.
तिखट, डोळ्यात येईल इतकं.
तेल कधी तापलं, ते वास सांगेल.

खोबरं तानाबाईनं आणलं, वणीहून, लग्नात.
खसखस कोणाची, यावरून
दोन घरं अजून बोलत नाहीत.
आणि पार्बताबाईनं एका साली
कणिक संपली म्हणून नुसत्या बेसनाची पारी लाटली.
ती फाटली. फाटकीच तळली.
तेव्हापासून आमची वडी
डाव्या बाजूनं उघडी असते.
पाहुणे म्हणतात, सुटली वाटतं.
आम्ही चिंचेचं पाणी पुढं सरकवतो.

सांबारावर मावा पडला त्या हिवाळ्यात
हरभऱ्याचा पाला भरला होता,
हे पावतीवर नाही.
देवाजीकाका सांगतात, अजूनही तोंड वाकडं करून.

आज समुद्रपूरच्या बाजारातून
मी चार जुड्या आणल्या.
निवडून परातीत टाकल्या
तर परातीचं बूडही झाकेना.
जुडी तेव्हा केवढी असायची
हे कोणी लिहिलंच नाही.

तरी सारण परतलं, पारी लाटली,
पहिलीच वडी कढईत उकलली.
मावशीला फोन लावला.
तिला आता कमी ऐकू येतं.
दोनदा ओरडून सांगितलं, फाटली, फाटली!

"कोन्या बाजूनं?"
डाव्या.
"मंग काऊन बोंबलतं? होऊ दे."