घरघर

कुताइसीच्या जुन्या बाजारात
एल्गुजा खोकं कानाला लावतो,
कलिंगड पारखावं तसं.

बँकेतून निवृत्त झालेला कॉम्प्युटर,
पाठीवर अजून चिठ्ठी: रोखपाल, खिडकी तीन.
"नुसता बसला की किती वॅट खातो?"
"नऊ," साबा म्हणतो, "सिनेमा लावला की अठरा."
एल्गुजा बोटांच्या पेरांवर वीजबिल मोजतो.

नवा म्हणजे दोन महिन्यांचं पेन्शन.
हा एकशे साठ लारी. डिस्क मात्र कोरी घ्यायची,
तिथं काटकसर नको:
फिल्म तुटली तर चिकटवता यायची,
हिला कात्री-गोंद चालत नाही.

एकतीस वर्षं प्रोजेक्टरच्या खोलीत
त्यानं रिळं बदलली.
आता जिन्यातली चार बिऱ्हाडं
रात्री आपापल्या टीव्हीवर
त्याच्या कपाटातलं बघणार,
आणि मधेच अडकलं
की भिंत ठोकणार.
ठोकू देत. शिट्ट्यांपेक्षा बरं.

साबा दुसरा दाखवतो, वीस लारी जास्त,
पंखाच नाही, आवाज शून्य.
एल्गुजा तळवा टेकवतो.
कोमट. चालू की बंद, कळेना.

"हा नको. तो घरघरणारा दे.
अंधारात कुणी जागं आहे
एवढं कळायला हवं."

मग त्या घरघरीपायीच
दहा लारी कमी करून मागतो.