दोन दोऱ्या

वादळानंतर तिसऱ्या आठवड्यात
मुआनाशाच्या घराची आखणी झाली.
जुन्या घराचं अर्धं छप्पर काजूच्या झाडावर सापडलं होतं.
बाकीचं नदीनं नेलं.
नवराही.

आमिसेकडे गुण्या नाही, पट्टी नाही.
घायपाताच्या दोन दोऱ्या आहेत,
एकीला एक लावून सारख्या तोडलेल्या;
दुमडून दोघींचा मध्य काढलेला
आणि तिथं एकमेकींना मारलेली गाठ.
बस्स.

चार पोरं चार टोकं धरून मागं मागं सरकली.
"अजून. अजून. थांब, झुल्फा, तुझी सैल आहे."
मग त्यानं एकेक दोरी बोटानं छेडली,
वाकून कान लावला.
दोन्हींचा सूर एक.
"ठोका खुंट्या," म्हणाला.

मी शाळेतला मास्तर, नांपुलाहून आलेला,
माझ्या खिशात गुण्या असतो.
चिखलात गुडघे टेकून चारही कोपरे तपासले.
काटकोन. काटकोन. काटकोन.
चौथा बघायची लाज वाटली, तरी बघितला.

फळ्यावर मी दरवर्षी लिहितो:
कर्ण समान असतील आणि परस्परांना दुभागत असतील
तर तो चौकोन आयत.
पोरं घोकतात.
तीच पोरं आत्ता टोकं धरून उभी होती,
आणि हे ते आहे
हे त्यांना कळलं नव्हतं.
मला तरी कुठं.

मग शहाणपण सुचलं.
काठीनं ओल्या वाळूत पंचकोन काढला,
त्याचे पाच कर्ण,
त्यांच्या पोटात उलटा झालेला छोटा पंचकोन,
त्याच्याही पोटात पुन्हा,
काठीचं टोक जाड पडेपर्यंत.
"सहा कोपऱ्यांना नऊ," मी म्हणालो, "सातांना चौदा.
कोपरा स्वतःला सोडतो, दोन शेजाऱ्यांना सोडतो,
उरलेल्या सगळ्यांकडे बघतो.
दोघांची नजर मिळून रेघ एकच,
म्हणून शेवटी निम्मे करायचे."

"आणि तिघांना?"
मुआनाशा होती. कडेवर धाकटा,
थोरली खुंटीशी टेकलेली.

"तिघांना नाही," बोलून गेलो,
"तिथं सगळेच शेजारी."
आणि जीभ चावली.

ती रडली वगैरे नाही.
म्हणाली, "आम्ही चौघं जेवायला बसायचो
तेव्हा तो माझ्यासमोर.
त्याला शिमा वाढायचा तर
हात पातेल्यावरून न्यावा लागायचा, वाफेतून.
पोरांना वाढताना नाही."

आमिसे दोरी गुंडाळत होता.
वर न बघता म्हणाला,
"तीन काठ्या बांधल्या की हलत नाहीत, बाई.
डुलतात ते चार. दोरी त्यांनाच लागते."
गाठ त्यानं सोडली नाही.
वेटोळं खांद्यावर टाकलं,
अजून अकरा घरं मांडायची होती.

संध्याकाळी शाळेकडून परतताना पाहिलं:
भिंती नाहीत, कूड नाही, चार खुंट्या फक्त,
आणि ती दाराच्या जागेतूनच आत गेली,
दार जिथं होणार होतं तिथून.
मधोमध, गाठीनं जमिनीवर खळगा पाडला होता
तिथं तीन दगड मांडले, पातेलं चढवलं.
पोरं दोन कोपऱ्यांना. ती तिच्या.

समोर खुंटी होती.
पातेल्यावरून हात नेऊन
तिनं खुंटीच्या डोक्यावरचा चिखल पुसला.