थिजलेलं तेल

नकाशावर बुगनविल वाचलं
की आपल्याला आधी कुंपणावरची बोगनवेल आठवते,
कागदासारखी फुलं, बिनवासाची.
बेट मात्र सगळं वासाचं आहे.
आरावाच्या गॅरेजात थेक्ला सिरोवी
जुन्या टोयोटाचं बॉनेट उघडते,
म्हणते, हुंगून बघा.
इतकी वर्षं झाली, अजून येतो:
कुणी कढईत खोबरं परतायला घेतलंय
आणि हलवायला विसरलंय.

नाकेबंदीत समुद्राकडून काहीच येत नव्हतं.
मीठ नाही, क्विनिन नाही, काडेपेटी नाही.
डिझेलचं शेवटचं पिंप
रात्रभर उलटं टांगून ठेवलं होतं.
सकाळी बशीत चार थेंब.
बापानं ते बोटावर घेतले, भांगात भरले,
भुवया उडवल्या.
पोरं हसली. आई नाही हसली.

नारळ पडत होते.
नारळाला नाकेबंदी कळत नाही.

खवायचा, पिळायचा,
दूध झाकून रात्रभर ठेवायचं,
पहाटे वरची साय तेवढी काढून कढवायची.
तडतड थांबली की समजायचं, पाणी गेलं.
पाणी राहिलं तर इंजिन खोकतं.
मग लुंगीच्या फडक्यातून गाळायचं, दोनदा.
दहा नारळांचं लिटरभर.
लिटरमागे आठ किलोमीटर, चढ लागला तर पाच.
पुरुष असा हिशेब करायचे.
बायका दुसऱ्या टोकाकडून:
दहा नारळ म्हणजे दोन दिवस
तारोवर दूध नाही.

त्याच तेलाचा दिवा,
त्याचाच राखेच्या पाण्यातला साबण,
तेच जखमेवर, तेच बिजागरीला,
आणि बंदुकीला, हे थेक्ला
पाना पुसता पुसता सांगते.

ते वरच्या गावात होते, डोंगरात, जिथे पहाट गार असते.
मोठ्या बहिणीला, अपोलोनियाला, कळा सुरू झाल्या
आणि टाकीत तेल थिजलेलं.
पांढरं, घट्ट, बोट रुतेल असं.
गाडीखाली सोडणं पेटवू, कुणी म्हणालं.
कुणी त्याला शिवी दिली.
मग बायका पुढे झाल्या.
चमच्यानं खरवडून बाटल्या भरल्या,
काखेत धरल्या, मांड्यांत धरल्या,
अकरा वर्षांच्या थेक्लानं झग्यात पोटाशी एक.
अपोलोनिया दोन कळांच्या मध्ये म्हणाली,
आण ती इकडे, मी तशीही तापलेय.

चौथ्यांदा इंजिन लागलं.
उताराला सगळ्या रस्त्यावर तळणाचा वास,
गावोगावची कुत्री मागे लागली.
नाक्यावरच्या बंदूकवाल्या पोरांनी
बंदुका खाली करून आधी नाकं वर केली.
काय आहे खायला, त्यांनी विचारलं,
आणि आतून अपोलोनिया जे किंचाळली
ते थेक्ला आजही सांगत नाही.

मूल गाडीतच झालं, दवाखाना दोन वळणं राहिला असताना.
अंगभर पांढरट, मेणचट.
गर्भातलं की बाटलीतलं,
पुसताना कुणी बघितलं नाही.

आता जहाजं येतात. डिझेल येतं.
मागच्या वर्षी दूरवरून दोघं आले,
परीक्षानळ्या घेऊन.
म्हणाले, यातून साबण तर आहेच,
रंग, प्लॅस्टिक, विमानाचं इंधनसुद्धा.
लॉरिक आम्ल असा शब्द त्यांनी लिहून दाखवला.
पुनःपुन्हा उगवणारं, कधी न संपणारं, म्हणाले.
थेक्लानं सगळं नीट ऐकलं, चहा दिला,
आणि विचारलं, विमानाला किती नारळ?
त्यांनी आकडा सांगितला.
कुणाचे, तिनं विचारलं.
ते वहीत काहीतरी लिहू लागले.

गॅरेजच्या फळीवर एक बाटली आहे.
पावसाळी सकाळी पांढरी होते.
पत्र्याच्या भोकातून उन्हाची कवडी येते
ती बरोबर तिच्यावर पडते असं नाही,
थेक्ला बाटली सरकवते.
कडेकडेनं सुटायला लागतं,
मधे अजून एक गोळा तरंगतोय.
थांब, ती भाच्याला म्हणते,
इतक्यात स्टार्टर मारू नकोस.