केसभर वर

गेल्या शनिवारी कुहमोच्या जंगलात
वडिलांच्या रायफलीनं नुसतं टक् केलं.
साठ पावलांवर मूसची मादी, कान आमच्या दिशेनं,
नाकपुड्यांतून वाफ.
त्यांनी नियमाप्रमाणे अर्धा मिनिट नळी समोरच धरून ठेवली.
तेवढ्यात ती भुर्जांमधून निघून गेली.
पळालीसुद्धा नाही, हे जास्त लागलं.

काडतूस बाहेर काढलं. प्रायमरवर खूण होती,
पण उथळ, जशी ओल्या साबणावर नखाची.
"एवर्टचं काडतूस?" कालेर्वोनं विचारलं
आणि टोपी उगाच नीट केली.
अख्खी टोळी चाळीस हिवाळे यांच्याच हातचं भरलेलं वापरते.

आज सौनामागच्या खोलीत आम्ही संशयितांना एकेक करून बसवलं.
आधी प्रायमरची डबी: नवी, कोरडी, तिच्यावर आळ नको.
मग खोबणीतली काजळी. मी कोरून काढली,
चिमूटभरसुद्धा निघाली नाही.
मग लष्करी पुंगळ्या; त्यांच्या खोबणीच्या तोंडाशी दाबलेली कडा असते,
ती न काढता बसवलं तर प्रायमर अडतो.
भिंगाखाली पन्नास बुडं वाचली. लष्करातली एकही नाही.
मग हातातलं यंत्र, त्याची दांडी, दांडीची झीज.
"माझ्याइतकी झिजली नाही ती," वडील म्हणाले,
आणि व्हर्नियरनं त्यांचीच बाजू घेतली.

शेवटी मी खिडकीची जुनी काच टेबलावर आडवी टाकली
आणि भरलेली काडतुसं तिच्यावर उभी केली.
अकरा स्थिर. बारावं डुललं,
यात्रेतून परतलेल्या माणसासारखं नव्हे,
एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखं.
पन्नासांत सहा.
सहा प्रायमर बुडापेक्षा केसभर वर.
टाचणीचा सगळा जोर त्याला खाली ढकलण्यातच गेला,
पेटायला काही उरलंच नाही.

"पण मी प्रत्येकावर अंगठा फिरवतो," ते म्हणाले.
फिरवतात. लहानपणापासून पाहिलंय,
जपमाळेसारखा नाही, हिशेबनिसासारखा.
मी म्हटलं, डोळे मिटा.
एका हातात डुलणारं दिलं, दुसऱ्यात शहाणं.
बराच वेळ अंगठे फिरत राहिले.
"दोन्ही बरोबर," ते म्हणाले.

एकतीस वर्षं चेनसॉ.
थंडीत बोटं मेणासारखी पांढरी पडायची,
ती चुलीशी धरून ते हसायचे.
कॉफीचा कढत पेला कानाला न धरता थेट उचलायचे,
आणि मी शाळेत सांगत असे:
माझ्या वडिलांना भाजत नाही.

दांडा दाबताना प्रायमर तळाला टेकला की तळहाताला कळतं,
असं त्यांनीच मला शिकवलं होतं.
कळणं कधी थांबलं, हे हातानं त्यांना सांगितलं नाही.

ती सहा त्यांनी वेगळ्या डब्यात ठेवली.
भरलेल्यावर पुन्हा दाब द्यायचा नसतो.
मग एक रिकामी पुंगळी घेतली, प्रायमर बसवला,
आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली.
मी अंगठा फिरवला.
"वर आहे."
ते वाद घालतील असं वाटलं होतं.
त्यांनी दांडा पुन्हा दाबला, खांद्यापासून,
आणि माझ्या हाताकडे पाहत विचारलं,
"आता?"